इंजिन हवा खातं : कराडची काही टिपणं

एक लिटर पेट्रोल नीट जळायला वजनात पावणेपंधरा पट हवा लागते. लिटरभर पेट्रोल भरतं पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे हवा झाली अकरा किलो. कराडच्या उंचीला, उन्हाळ्यातल्या सकाळी अकरा किलो हवा म्हणजे साधारण दहा हजार लिटर. पंपावर आपण एका लिटरचे पैसे देतो आणि उरलेला दहा हजार लिटरचा माल फुकट उचलतो. फुकट म्हणून त्याकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. आणि ज्या दिवशी बघतो त्या दिवशी थेट ॲल्युमिनियमचा चकचकीत पाइप आणि लाल शंकू घेऊनच घरी येतो.

*

मलकापुरातल्या एका गॅरेजात परवा असंच पाइप आणि शंकू-फिल्टरचं किट बसवताना बघितलं. एमएच-50 पासिंगची स्विफ्ट, पेट्रोल, 1197 सीसी. पोरगा विशी-बाविशीतला. किटच्या खोक्यावर मोठे आकडे. पोरगा म्हणाला, "मिस्त्री, दहा बीएचपी वाढतंय म्हणे."

मिस्त्री नट सोडवता सोडवता म्हणाले, "वाढंल की. खोक्यावर छापलंयच."

गाडी मुळात 82-83 अश्वशक्तीची. त्यात दहा म्हणजे बारा टक्के झाले. एवढी ताकद नुसता एअर फिल्टरचा डबा बदलून मिळायची, तर मूळ डबा बारा टक्के हवा अडवून बसलेला असला पाहिजे. मोटारी विकणाऱ्या कंपन्या एकेका किलोमीटरच्या ॲव्हरेजसाठी एकमेकींच्या उरावर बसतात. त्या बारा टक्के ताकद एका प्लास्टिकच्या खोक्यात कोंडून ठेवतील, हे काही पटत नाही.

*

हिशेब मांडूनच टाकू. हे इंजिन 6000 फेऱ्यांवर पूर्ण रेस दिलेली असताना सेकंदाला पन्नास-साठ लिटर हवा ओढतं. कराडला बाहेरच्या हवेचा दाब 945 मिलिबारच्या आसपास. नळी, डबा, फिल्टर, वळणं या सगळ्या वाटेत मिळून त्यातले फार तर दोन-चार टक्के हरवतात, आणि त्यातला स्वच्छ कागदी फिल्टरचा वाटा शंभरात एखादा. फिल्टरचा अडसर निम्मा केला तर हाती येतो अर्धा टक्का, म्हणजे अर्ध्या घोड्याहूनही कमी. सगळी वाट नव्यानं, डोकं लावून बांधली तर एक ते तीन टक्के. तेही पायाखालचं पेडल तळाला आणि काटा लाल रेघेजवळ असेल तेव्हाच.

आता कोल्हापूर नाक्यावर कुठली गाडी 6000 फेऱ्यांवर असते? पेट्रोल गाडीत हवेच्या वाटेवर फिल्टरनंतर थ्रॉटलची झडप बसवलेली असते, आणि ती आपण आपल्या पायानंच मिटून धरलेली असते. साठच्या वेगानं रमतगमत जाताना झडपेच्या आतला दाब बाहेरच्या निम्म्यावर आलेला असतो. पन्नास टक्के हवा आपणच अडवतो आणि फिल्टरच्या एका टक्क्यावर चर्चा करतो. "ॲव्हरेज वाढलं" असं सांगणारे भेटतात, ते बहुधा नव्या खर्चामुळे जपून चालवत असतात.

*

मिस्त्रींनी काढलेला मूळ डबा मी हातात घेऊन बघितला. वरून ओबडधोबड वाटतो. आतून तसा नाही. हवा आत घेणारी चोच हेडलाइटच्या मागं, जाळीच्या बाजूला, म्हणजे रेडिएटरचा उकाडा लागणार नाही अशा जागी. चोचीचं तोंड कर्ण्यासारखं उमलतं केलेलं, कारण धारदार कडेवरून हवा वळताना फाटते. फिल्टरच्या वर मोकळी जागा, म्हणजे कागदाच्या प्रत्येक घडीतून हवा सारखी जावी. आणि बाजूला एक आंधळी कुपी, जिच्यातून हवा पुढं कुठंच जात नाही.

"ही कशाला, विचारा की," मिस्त्री म्हणाले. "सगळ्यांना वाटतं कंपनीची चूक हाय."

ती आवाज खायला असते. पिस्टन हवा ओढतो तसा प्रत्येक ओढीला एक ठोका नळीतून उलटा बाहेर येतो. ठरावीक मापाची कुपी ठरावीक सुराचा ठोका गिळते. हर्मन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात असल्या पोकळ कुपींवर आवाजाचे प्रयोग केले. आज बहुतेक गाड्यांच्या बोनेटखाली त्याची एक तरी कुपी सापडते.

किट बसवताना पहिल्यांदा भंगारात जाते ती हीच.

*

आणि मग गाडी "हूंऽऽ" करते. रेस दिली की समोरून घशातला आवाज येतो. पोरगा हायवेला एक चक्कर मारून आला, चेहरा उजळलेला. "पिकअप लय वाढला!"

त्याला मी खोटं ठरवणार नाही. आवाज त्यानं खरंच ऐकला, अंगावर काटा खरंच आला. इंजिन जोरात ओरडलं की गाडी जोरात पळते, हे आपल्या कानांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. खेळण्यातली गाडीसुद्धा आपण तोंडानं आवाज काढूनच पळवली. सात-आठ हजार रुपये आवाजासाठी दिले असं जो सरळ म्हणतो त्याच्याशी माझं भांडण नाही. ढोलताशावर यापेक्षा जास्त जातात.

*

भांडण उकाड्याशी आहे. बोनेटखाली उघडा शंकू बसवला की तो कुठली हवा खातो? रेडिएटरवरून आणि एक्झॉस्टवरून तापून आलेली. मे महिन्यात नाक्यावर गाडी रांगेत उभी असली की बोनेटखाली साठ-सत्तर अंश सहज होतात. बाहेर पस्तीस आणि आत पासष्ट धरले तर आतली हवा नऊ टक्के विरळ. फिल्टरचा अर्धा टक्का वाचवायला गेलो आणि नऊ टक्के घालवून बसलो. वेग घेतला की वारा खेळतो, हा फरक कमी होतो. पण सिग्नलवरून निघतानाचा जो पहिला दम, ज्याला आपण पिकअप म्हणतो, नेमका तिथंच तो बसतो.

म्हणून मग शहाणी किटं शंकूभोवती पत्र्याचा आडोसा घालतात, नळी पुढं जाळीपर्यंत नेतात, जोड रबरानं बंद करतात. असं करत करत ते जिथं पोचतात त्याला कंपनीचा डबा म्हणतात.

*

कराडकराला ही गोष्ट परकी वाटायला नको. रेल्वे स्टेशनकडं गेलं की ओगलेवाडी लागते. इथल्या ओगले ग्लास वर्क्सचा प्रभाकर कंदील एके काळी महाराष्ट्रातल्या घराघरांत टांगलेला असे. वादळी कंदिलाचे दोन घाट असतात. एकात काचेतून वर गेलेली गरम, वापरलेली हवा बाजूच्या नळ्यांतून परत वातीकडं येते. दुसऱ्यात नळ्या फक्त ताजी, गार हवा खाली आणतात. तेल तेच, वात तीच, पण दुसऱ्याचा उजेड डोळ्याला दिसेल इतका जास्त. अमेरिकेत जॉन आयर्विन नावाच्या माणसानं दीडशे वर्षांपूर्वी या दोन्ही घाटांची पेटंटं घेतली. (सांगलीच्या आयर्विन पुलाशी त्याचा काही संबंध नाही, तो पूल व्हाइसरॉय आयर्विनच्या नावाचा, 1929 चा.)

बोनेटखालचा उघडा शंकू म्हणजे पहिल्या घाटाचा कंदील. आपली आजी काच पुसता पुसता जे सांगू शकली असती, त्याला आता आपण कोल्ड एअर इनटेक वगैरे म्हणतो.

*

थंडीत गाडी "मस्त पळते" असं सगळेच म्हणतात, आणि ते खरं असतं. जानेवारीतल्या पहाटे कराडला बारा अंश, मे महिन्याच्या दुपारी चाळीस. दोन्हींतल्या हवेच्या दाटपणात नऊ-दहा टक्के फरक पडतो. आत शिरताना हवा थोडी तापतेच, त्यामुळे सगळाच्या सगळा फरक चाकापर्यंत पोचत नाही. तरी चार-पाच टक्के कुठं गेले नाहीत. कुठल्याही किटपेक्षा हे जास्त, आणि फुकट.

उंचीचंही तसंच. कराडहून महाबळेश्वरला चढलं की दर शंभर मीटरला एक टक्का हवा कमी होत जाते. वर पोचेपर्यंत आठ-नऊ टक्के. उलट पाटण, कुंभार्ली करून चिपळूणला उतरा, सहा टक्के हवा वाढून मिळते. त्यातला टक्का-दीड टक्का कोकणची दमट हवा परत घेते, कारण वाफेनं जेवढी जागा अडवली तेवढा प्राणवायू कमी. तरी नफाच. चिपळूणकरांनी याबद्दल कधी फुशारकी मारलेली ऐकली नाही.

*

बोनेटवरचं भोक. पुढून वारा घुसेल आणि इंजिनात हवा कोंबली जाईल असा हिशेब. ताशी शंभरला वाऱ्याचा जो धक्का बसतो तो हवेच्या दाबाच्या अर्धा टक्कासुद्धा नसतो. पावसाळ्यात मात्र त्या भोकातून पाणी शंभर टक्के येतं.

*

"पण त्यांनी डायनोवर दाखवलंय!" हेही ऐकलं.

डायनो म्हणजे गाडीची चाकं रुळावर फिरवून ताकद मोजायचं यंत्र. चांगलं यंत्र आहे. पण एकच गाडी, काहीही न बदलता, लागोपाठ मोजली तरी आकडा टक्का-दोन टक्के इकडं तिकडं होतो: टायरमधली हवा, पट्टे किती आवळलेत, इंजिन किती तापलंय, समोरचा पंखा कुठं ठेवलाय. त्यावर पुन्हा खोलीतलं तापमान नि दाब बघून आकडा "दुरुस्त" करायचं सूत्र असतं. तापमानाचा काटा इंजिनाजवळ टांगला की सूत्र ताकद वाढवून देतं. जिथं मोजायची वस्तू दोन टक्के आणि मापाची चूकही दोन टक्के, तिथं एका आलेखावर विश्वास ठेवायचा तर विकणाऱ्यावरच ठेवावा लागतो. मी विचारीन ते एवढंच: मूळ डबा परत बसवून पुन्हा मोजलं का? बोनेट दोन्ही वेळा बंद होतं का? उत्तरादाखल बहुतेक वेळा चहा येतो.

*

हवेची वाट मोकळी असणं वेगळं आणि ती मापात असणं वेगळं. 1960 मध्ये अमेरिकेतल्या क्रायसलरनं 300 एफ नावाच्या गाडीत इंजिनावरून आडव्या जाणाऱ्या तीस इंच लांब नळ्या बसवल्या. बघणाऱ्याला वाटावं, एवढ्या लांबून हवा आणली म्हणजे इंजिन घुसमटणार. झालं उलटंच. सिलिंडरची झडप मिटली की नळीतली धावती हवा तिच्यावर आपटते, दाबाची लाट मागं जाते, टोकाला आपटून परत येते. नळी बरोबर लांबीची असेल तर ती लाट परत येते तेव्हा झडप नुकती उघडलेली असते आणि जादा हवा आत ढकलली जाते. 2800 फेऱ्यांच्या आसपास त्या इंजिनाचा जोर भरभक्कम. शर्यतीसाठी त्यांनीच त्या नळ्यांची आतली लांबी निम्मी केली, तर जोर वरच्या फेऱ्यांना सरकला आणि खालचा गेला.

म्हणजे लांब की आखूड, याचं उत्तर गाडी कुठं चालवायची यावर. कुंभार्ली घाटात, मागं चार माणसं, डिकीत गुळाच्या ढेपा, दुसऱ्या गिअरवर अडीच हजार फेऱ्या. तिथं खालचा जोर लागतो, आणि कंपनीनं नळ्या त्याच हिशेबानं कापलेल्या असतात. किटच्या जाहिरातीतला वाढीव आकडा सहा हजारांवरचा असतो. घाटात सहा हजारांवर जो चढतो त्याला पुढं पोलिसही भेटतात.

*

आता धूळ. या भागात खरा विषय हा आहे, बाकी सगळं हौस.

ऊस सुरू झाला की ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रेठऱ्याचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री आणि आजूबाजूचे कारखाने धडधडत असतात. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, पाणंदीतला मुरूम, पाचटाची कुसळं, फडाची राख. त्यात सातारा-कागल सहापदरीकरणाचं काम. सेवारस्त्यानं गेलं की काचेवर पीठ बसतं. हे सगळं सेकंदाला पन्नास लिटरच्या ओढीनं इंजिनाकडं निघालेलं असतं.

ट्रॅक्टरवाल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. त्याच्या बोनेटवर नळकांड्याच्या टोकाला पारदर्शक वाटी असते. हवा आत शिरताना पात्यांनी गरगर फिरते, जड धूळ कडेला फेकली जाऊन वाटीत पडते. फडातून आलेल्या ट्रॅक्टरची ती वाटी मी उतरवून बघितली: खाली बोटभर मऊ, तपकिरी भुकटी, वर पाचटाचे तुकडे, आणि एक मेलेला भुंगा. चालकानं ती बांधावर आपटली, फडक्यानं पुसली, बसवली, आणि तंबाखू मळायला लागला. जुन्या ट्रॅक्टरांना आणि विहिरीवरच्या डिझेल इंजिनांना तर तेलाचा फिल्टर असे. हवा खाली येऊन तेलावर आपटायची आणि एकदम उलटी वळायची. धूळ वळू शकायची नाही, तेलात बसायची. इंजिनाला काय खायला घालायचं नाही, हे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला दोन-तीन पिढ्या ठाऊक आहे. मोटारवाल्यालाच ते नव्यानं समजावून सांगावं लागतं.

*

फिल्टरची परीक्षा घ्यायचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 5011. ठरावीक मापाची परीक्षेची धूळ ठरावीक वेगानं सोडायची आणि तीन गोष्टी मोजायच्या: किती अडवली, अडवताना दाब किती पडला, आणि भरेपर्यंत किती पोटात ठेवली. तिन्ही एकमेकींच्या वैरिणी. वाट मोकळी करायला जाळी विरळ करावी तर धूळ सुटते. बारीक करावी तर लवकर भरते. तिन्ही साधायच्या तर कागदाचं क्षेत्रफळ वाढवायचं, म्हणून त्या घड्या. कापडी फिल्टरच्या खोक्यावर पहिल्या दोहोंपैकी एकच गोष्ट मोठ्या अक्षरात असते.

चांगला कागदी फिल्टर 99 टक्क्यांच्या वर धूळ अडवतो. समजा एक साडेनव्व्याण्णव अडवतो आणि दुसरा सत्त्याण्णव. विकणारा म्हणेल, अडीच टक्क्यांचा तर फरक! पण इंजिनाला अडवलेली धूळ कळत नाही, आत आलेली कळते. ती पहिल्यात अर्धा आणि दुसऱ्यात तीन, म्हणजे सहापट. आणि आपल्याकडची ही धूळ म्हणजे बेसॉल्टची भुकटी. पाच ते वीस मायक्रॉनचे कण पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामधल्या तेलाच्या पापुद्र्यात शिरतात आणि घासत राहतात. महिन्यात काही दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी गाडी ऑइल खायला लागते, निळसर धूर टाकते, आणि मग खरंच ताकद कमी होते, दोन टक्के नव्हे, चांगली. तोवर गाडी दुसऱ्याला विकलेली असते ही गोष्ट वेगळी.

*

तेल लावलेल्या सुती कापडाचे फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतात. कॅलिफोर्नियातल्या के अँड एन या कंपनीनं ते 1969 पासून जगभर पोचवले, मुळात मोटरसायकलींच्या शर्यतींसाठी. शर्यतीचं इंजिन मोसमात दोनदा खोलतात. आपलं इंजिन आपण खोलावं लागू नये म्हणून देवाला नारळ बोलतो. गरजाच वेगळ्या.

शिवाय तेल. धुतल्यावर नवं तेल मारायचं असतं, बेतानं. "जास्त मारलं तर जास्त धूळ धरंल" असं म्हणून कुणी हात सैल सोडला, की उडालेलं तेल पुढच्या हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसतं. ती तार केसासारखी. तिच्यावरून किती उष्णता गेली यावरून संगणक हवा किती आली ते ठरवतो. तारेवर मळ बसला की हिशेब चुकला, गाडी धक्के खाते, पिवळा दिवा लागतो.

*

गॅरेजात सर्रास चालणारी गोष्ट: "फिल्टरला हवा मारून देतो." कंप्रेसरचा नोझल कागदाला टेकवून, पूर्ण दाबानं, बाहेरच्या बाजूनं. कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि धूळ आतल्या बाजूला बसते. मारायचीच तर आतून बाहेर, लांबून, हलक्या दाबानं. थोडा मळलेला कागद कोऱ्यापेक्षा चांगला गाळतो, कारण बसलेली धूळच पुढच्या धुळीला अडवते. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी झटकणाऱ्यांचं प्रेम मला समजतं, पण गाडीला ते मानवत नाही. काळा पडला, घड्या मिटल्या, की बदलावा. काही शे रुपयांत येतो.

*

अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं 2009 मध्ये उलटा प्रयोग केला: मुद्दाम फिल्टर तुंबवून गाड्या पळवल्या. इंजेक्शनच्या नव्या पेट्रोल गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये म्हणण्याजोगा फरक पडला नाही. हवा कमी आली की संगणक पेट्रोलही कमी सोडतो. चालक पेडल जरा जास्त दाबतो, झडप जरा जास्त उघडते, हिशेब जुळतो. जोरात पळवायला गेलं तर मात्र गाडी मंदावली. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत फरक दिसला, कारण कार्बोरेटरला हवा कमी झालेली कळत नाही, तो पेट्रोल ओततच राहतो.

आपल्याकडं जी समजूत रुजली, फिल्टर साफ केला की ॲव्हरेज वाढतं, ती मारुती 800 आणि पद्मिनीच्या काळातली, आणि त्या काळी ती खरी होती. इंजिनं बदलली, समजूत राहिली. जुने मिस्त्री चुकीचं सांगत नाहीत. जुन्या गाडीबद्दल सांगतात.

*

डिझेल. जिल्ह्यातल्या जुन्या स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा यांच्या बोनेटखाली फियाटचं तेच 1248 सीसी मल्टीजेट. मारुतीनं ते मानेसरला केलं, फियाट आणि टाटानं आपल्या रांजणगावला. या इंजिनाला मुळात लागते त्याहून जास्त हवा मिळत असते, टर्बो ती कोंबतो. ताकद ठरते ती डिझेल किती सुटतं त्यावर, आणि ते संगणक ठरवतो. नुसती वाट मोकळी केली म्हणून डिझेलचा थेंब वाढत नाही. संगणकाचं गणित बदलून, म्हणजे रिमॅप करून, डिझेल वाढवलं, तर पुढं कधीतरी हवेचा प्रश्न येतो. पण मग क्लच, टर्बो आणि विमा यांचेही येतात.

*

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हे कलम कडक वाचलं. फिल्टर काही आरसी बुकात नसतो, त्यामुळे रस्त्यावर अडवतात ते सायलेन्सरसाठी. वॉरंटी असेल तर मात्र मूळ डबा माळ्यावर जपून ठेवावा.

*

पूर. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली. घरात पाणी शिरलं त्यांचं दुःख मोठं, गाड्यांचं त्यापुढं काय! पण गाड्यांचंही बघण्यासारखं होतं. उभी गाडी बुडली तर सीट, वायरिंग, संगणक जातो. इंजिन धुऊन-पुसून पुष्कळदा वाचतं. चालू गाडी पाण्यात घातली तर इंजिनच जातं. वर सांगितलेल्या पेट्रोल इंजिनाचा एक सिलिंडर 299 सीसीचा, दाबाचं गुणोत्तर 11. म्हणजे पिस्टन वर आला की माथ्यावर जागा उरते 30 सीसी. जेवणाच्या मोठ्या चमच्यानं दोन चमचे. मल्टीजेटमध्ये 19 सीसी, सव्वा चमचा. त्याहून जास्त पाणी आत गेलं तर ते दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

कंपनीची चोच बोनेटच्या कडेला उंच असते ती याचसाठी. "गार हवा" घेणारी काही किटं शंकू खाली, बंपरच्या आत, पुढच्या चाकाजवळ नेतात. हवा तिथं खरोखरच गार असते, हे मान्य. रस्त्यावर फूटभर पाणी असलं की शंकू त्यात. कृष्णा-कोयनेच्या संगमावर राहून अशी गाडी बांधायची म्हणजे हौसेला मोल नसतं हेच खरं.

*

हवेच्या वाटेवर खरं डोकं खर्च होतं ते इंजिनिअरिंगच्या पोरांच्या शर्यतीत. सुप्रा, फॉर्म्युला भारत या स्पर्धांत कॉलेजं आपली एकाच चालकाची गाडी बांधून नेतात. पेट्रोल गाडीला नियम असा: इंजिनात जाणारी सगळी हवा 20 मिलिमीटरच्या एका भोकातून गेली पाहिजे. रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा लहान.

अशा भोकातून हवा ओढत गेलं की एका टप्प्यावर घशात तिचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचतो, सेकंदाला सुमारे 315 मीटर. त्यापुढं कितीही ओढा, थेंबभर जास्त येत नाही. समुद्रकाठी ही मर्यादा सेकंदाला 75 ग्रॅमच्या आसपास. कराडच्या उंचीला, तापल्या दिवशी, 70 च्या आत.

पुष्कळ कॉलेजं केटीएम 390 चं जुनं इंजिन घेतात. चाकणला बनलेलं, स्वस्तात मिळतं. 373 सीसी, एकच सिलिंडर. साडेनऊ हजार फेऱ्यांवर त्याची सरासरी ओढ निघते सेकंदाला 32 ग्रॅम. मग 20 मिलिमीटरचं भोक त्याला अडवायचं कारण काय? पोरं पहिल्या वर्षी इथंच फसतात. एका सिलिंडरचं इंजिन सारखं ओढत नाही. दोन फेऱ्यांत एकदाच, सिलिंडरची झडप उघडी असते तेवढाच वेळ, आणि तेव्हा सरासरीच्या तिप्पट-चौपट. त्या क्षणी भोक घसा आवळतं, बाकीच्या वेळी रिकामं बसून राहतं.

उपाय म्हणून भोक आणि इंजिन यांच्यामध्ये एक पोकळ घडा ठेवतात. इंजिन घड्यातून घोट घेतं, भोक तो घडा संथपणे भरत राहतं. घडा मोठा केला तर ओढ आणखी संथ, ताकद आणखी जास्त. पण नियमानं थ्रॉटलची झडप भोकाच्या अलीकडं असते, म्हणजे चालकानं पेडल सोडल्यावरही घड्यात हवा शिल्लक राहते आणि इंजिन ती संपेपर्यंत ओढत राहतं. दाबल्यावर आधी घडा भरतो, मग गाडी हलते. वळणावळणांच्या ट्रॅकवर याचा हिशेब फार महाग पडतो. म्हणून पोरं रात्र रात्र संगणकावर हवेच्या रंगीत रेषा बघत बसतात, थ्रीडी प्रिंटरवर नवा घडा काढतात, तो मॅनिफोल्डच्या उष्णतेनं मऊ पडतो, मग कार्बन फायबरचा करतात. आणि घशाच्या पुढची पसरत जाणारी नळी किती अंशांनी उघडायची, यावरून त्यांच्यात अजून वाद चालू आहेत.